कमलताईंकडे न मोडलेला व्हिडिओ गेम

कमलताई गायकवाड यांच्याविषयी लिहून द्या, असं मला आजवर दोनदा सांगण्यात आलं. एकदा आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेसाठी आणि एकदा, त्या गेल्यानंतर, त्यांच्या मुलीकडून. दोन्ही वेळा मी हो म्हणालो आणि दोन्ही वेळा दिलं नाही. पहिल्या वेळी डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारण पुढे केलं, दुसऱ्या वेळी तेवढंही केलं नाही. खरी अडचण अशी होती की त्यांच्याविषयी लिहायला बसलं की एका व्हिडिओ गेमपाशी यावंच लागतं. तो वगळून त्यांची स्तुती लिहिणं मला जमलं असतं, चांगलं जमलं असतं, पण मग तो कागद त्यांच्या मुलीच्या हातात देणं मला जमलं नसतं. आता मी शहात्तर वर्षांचा आहे. माझी बायको नीला हिलाही मी ही गोष्ट गेल्या महिन्यातच सांगितली. ती म्हणाली, मला कशाला सांगताय.

डोंबिवली पूर्वेला आमची चार मजली इमारत. तळमजल्यावर जिन्याला लागून कमलताईंच्या दोन खोल्या. त्या काळात, म्हणजे नव्वद सालाच्या आसपास, आमच्या इमारतीत निम्म्या घरांतून नवरा-बायको दोघंही सकाळी सातच्या आत बाहेर पडत. नीला फोर्टमध्ये एका कचेरीत होती, मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात वाइंडिंग, म्हणजे तारा गुंडाळण्याच्या खात्याचा सुपरवायझर. कमलताईंचं पाळणाघर पावणेसातला उघडायचं. त्यांचे मिस्टर मस्कतला फिटर होते, वर्षाआड यायचे. मुलगी नर्सिंगला. त्यामुळे घरात माणूस असं कमलताई एकट्याच, आणि पोरं अकरा.

शलाका, माझी धाकटी, दीड वर्षाची असताना मी तिला पहिल्यांदा घेऊन गेलो. ती दारातच इतकी रडली की माझा शर्ट खांद्यापाशी ओला झाला. मी कमलताईंना तिच्या दुधाच्या वेळा सांगायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं, कपाट उघडलं आणि शलाकालाच विचारलं, "कुठली साडी पाहिजे तुला?" कपाटात घड्या घातलेल्या जुन्या सुती साड्यांची चळत होती. शलाका रडायची थांबली. तिने हळदी रंगाच्या साडीकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून ती साडी तिची. दुपारी झोपायच्या वेळी प्रत्येक मूल आपापली साडी काढून आणायचं, कमलताई तिची चौपदरी घडी जमिनीवर घालायच्या आणि त्यावर ते झोपायचं. दुसऱ्याच्या साडीवर कोणी झोपायचं नाही. माझा मोठा मुलगा मंदार दहा वर्षांचा झाला, शाळेतून दुपारी थेट तिथे येऊ लागला, तरी त्याची निळ्या काठाची साडी त्या चळतीत होती.

एवढी एक साडी सोडली तर बाकी त्या घरात कुणाचं काही वेगळं नव्हतं. "दाराच्या आत आलं ते सगळ्यांचं," हा कमलताईंचा कायदा. घराघरांतून आलेले डबे साडेबाराला एका परातीत रिकामे व्हायचे. पोळी, भाकरी, बटाट्याची भाजी, मेथी, वरणभात, सगळं जवळजवळ मांडलं जायचं आणि पोरं गोल बसून आपल्या हाताने घ्यायची. लहानांना त्या भाताचे गोळे करून भरवायच्या. ही परात सगळ्यांना रुचत होती असं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या देवधरबाईंनी सुरुवातीला सांगून पाहिलं होतं की आमच्या ओंकारचा डबा त्यालाच वेगळा द्या, त्याला दुसरीकडचं सोसत नाही. कमलताई म्हणाल्या, "वेगळा बसवते की. पण तो मग माझ्याकडे बघत बसेल आणि मी त्याच्याकडे. जेवण दोघांचंही व्हायचं नाही." देवधरबाईंना दुसरी सोय नव्हती. ओंकार परातीत जेवू लागला आणि अंगाने भरला. पण त्या बाईंच्या नापसंतीत डब्यापलीकडचंही काही होतं, आणि ते काय होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कमलताईंच्या भिंतीवर जे दोन फोटो होते, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा, त्यांच्याकडे पाहून काही माणसं आवाज किंचित बदलून बोलत. मी तसा बोलत नसे. याचा मला तेव्हा अभिमान होता, हेही इथे लिहून ठेवतो.

आणखी एक पद्धत. त्या घरात वस्तू मोडली तर ती कोणी मोडली हे विचारायचं नाही. कप फुटला तर "कप फुटला, चपला घाला रे," इतकंच. एकदा मंदारच्या चेंडूने त्यांचं भिंतीवरचं घड्याळ पडलं. मला दुसऱ्या मुलांकडून कळलं, म्हणून मी मंदारला घेऊन माफी मागायला गेलो, तर त्या मलाच रागावल्या. "त्याला आणलंत कशाला धरून? कोणी केलं, कोणी केलं म्हणून मागे लागलं की पोरगं पहिली गोष्ट खोटं बोलायची शिकतं. त्याला वेळ द्या. येतं आपणहून." मी म्हटलं, आणि नाही आलं तर? "नाही आलं तर नाही आलं. घड्याळच होतं ना." चौथ्या दिवशी मंदारने त्यांच्या कुशीत तोंड घालून सांगितलं म्हणे. ते मला त्यांनी जिन्यात थांबवून सांगितलं, जणू त्यांचाच पहिला नंबर आला होता. "चार दिवस घेतले पठ्ठ्याने. पण आला की नाही?"

त्या वर्षी गणपतीत नीलाचा भाऊ प्रकाश अमेरिकेहून आला आणि मुलांसाठी व्हिडिओ गेम घेऊन आला. राखाडी रंगाचा चपटा डबा, दोन हँडलं, चार कॅसेटी. इमारतीतली झाडून सगळी मुलं आमच्या दारात जमली. पण आमच्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं आणि सारखं वर सरकणारं. तिकडची पद्धत वेगळी, इकडची वेगळी. मग लक्षात आलं की इमारतीत एकच टीव्ही असा आहे ज्याच्यावर सगळ्या देशांचं चालतं, आणि तो कमलताईंकडे आहे, मस्कतहून आलेला. अशा रीतीने व्हिडिओ गेम तळमजल्यावर गेला आणि दाराच्या आत गेला म्हणून सगळ्यांचा झाला.

त्याच्याही आधीची अडचण विजेची होती. तो अमेरिकेतला, एकशे दहा व्होल्टवर चालणारा, आणि आपल्याकडे दोनशे तीस. इथे माझं काम आलं. मी कारखान्यात दोन दिवस थांबून स्वतःच्या हाताने एक छोटा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला, पत्र्याच्या डब्यात बसवला, वर लाल अक्षरांत ११० लिहिलं. प्रकाश म्हणाला, भावजी, बाजारात तयार मिळतो, कशाला त्रास. मी म्हटलं, बाजारातल्यावर माझा विश्वास नाही. कमलताईंच्या घरी सगळ्या मुलांना ओळीने बसवून मी व्याख्यान दिलं. आधी हा डबा, मग प्लग. डबा न लावता थेट भिंतीत प्लग टोचाल तर एका सेकंदात राख. कमलताईंनीही ते मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे हा डबा लाइट अर्धी करून देतो. आणि उरलेली अर्धी कुठे जाते?" मी वेटोळ्यांचा हिशेब सांगायला लागलो आणि पोरं हसली.

संध्याकाळी पाच ते सहा खेळ. कमलताई मागे तांदूळ निवडत बसायच्या. खेळात प्रत्येकाला दोन जीव, मग पुढच्याची पाळी. "मेला का तुझा माणूस? मग ऊठ, पाणी पी," असं त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या. स्वतः कधी हँडलला हात लावला नाही, पण कोणाचं विमान कुठवर गेलं होतं हे त्यांना तोंडपाठ असायचं. शनिवारी संध्याकाळी गेम पिशवीत घालून आमच्या घरी यायचा, कारण रविवारी पाळणाघर बंद. माझा पत्र्याचा डबा जड, तो मात्र त्यांच्या टीव्हीखालीच राहायचा.

अशाच एका शनिवारी मंदारने घरी आल्या आल्या गेमचा प्लग भिंतीत घालायला नेला. मी शेवटच्या क्षणी हात धरला आणि त्याला मारलं. एक नाही, तीन-चार चापट्या. ट्रान्सफॉर्मरवाल्याचा मुलगा आणि एवढी अक्कल नाही, असं काहीतरी ओरडलो. त्याचा गाल सुजला. नीला दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

पुढचा रविवार नवरात्रातला. नीला मुलांना घेऊन ठाण्याला माहेरी गेली होती, टेंभी नाक्याची देवी बघायला. मी दुपारचा जेवलो, आडवा झालो, झोप येईना. मंदार सांगायचा, तिसऱ्या टप्प्यानंतर विमान समुद्रावरून जातं. मला ते बघायचं होतं. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, पण इतके दिवस मुलांच्या मागे उभं राहून मान लांब करून बघत होतो, मला एकदा हँडल हातात हवं होतं. काळं-पांढरं तर काळं-पांढरं. मी पिशवीतून गेम काढला, टीव्हीला जोडला, प्लग बोर्डात बसवला आणि बटण दाबलं. कारखान्यात दिवसाला पन्नास वेळा दाबतो तसं.

आधी गुणगुण आली. मग वास. तो वास मी झोपेतही ओळखतो, गुंडाळी जळाल्याचा. बटण बंद करेपर्यंत गेमच्या अ‍ॅडॅप्टरच्या फटीतून तपकिरी धूर निघाला होता. डबा कमलताईंच्या टीव्हीखाली होता. मला ते माहीत होतं, सकाळपासून माहीत होतं, आणि प्लग बसवताना माहीत नव्हतं. मी गेम उघडून पाहिला. आतलाही भाग काळा पडलेला. खिडक्या उघडल्या, पंखा लावला, अ‍ॅडॅप्टर ओल्या फडक्याने पुसला, सगळं पिशवीत घातलं. रात्री मंडळी आली. मंदार मला देवीचा अंगारा लावायला वाकला, त्याचा गाल माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याच गालावर मी ह्याच चुकीसाठी आठ दिवसांपूर्वी मारलं होतं. मी त्याला विचारलं, गर्दी होती का.

सोमवारी पावणेसातला मी पिशवी नेहमीसारखी कमलताईंच्या हातात दिली. संध्याकाळी येऊन सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. आज विचार करतो तर वाटतं, ठरवलं होतं हे मी नंतर ठरवलं असेल. सांगायचं असतं तर पिशवी दिलीच का असती?

संध्याकाळी साडेसहाला गेलो तर घरात आवाज नव्हता. दहा मुलं भिंतीला टेकून बसलेली. गेम टीव्हीसमोर, माझा ११० लिहिलेला डबा नीट जोडलेला. मला बघताच सगळी एकदम बोलायला लागली. ओंकारने मोडला. ओंकारने कॅसेटच्या भोकात राजगिऱ्याचा लाडू घातला. ओंकार चार वर्षांचा. दुपारी खरोखरच त्याने लाडवाचा तुकडा तिथे कोंबला होता, विमानाला भूक लागली म्हणून. तो कमलताईंच्या पदराखाली उभा होता आणि त्याचे फक्त पाय दिसत होते.

कमलताई म्हणाल्या, "लाडू मी काढला, काही नव्हतं झालं. नंतर मी फरशी पुसताना माझ्या हातून पाणी सांडलं त्याच्यावर. माझ्यामुळे बंद पडला, मंदारचे बाबा. पोरांना काही बोलू नका."

पाणीबिणी काही सांडलं नव्हतं. गेम खणखणीत कोरडा होता, मी हातात घेतला ना. खोटं त्या बोलल्या, एका मुलासाठी. खरं काय ते त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. माझ्या तोंडून जे आलं ते असं: "ताई, वस्तू बाहेरच्या देशातली आहे हो. जरा लक्ष ठेवायला हवं होतं."

त्यांनी मान हलवली. "हो, हवं होतं," म्हणाल्या.

मुलांची तोंडं कोण बांधणार. आठ वाजेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर बातमी गेली आणि ओंकारचं रडणं जिन्यात ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी देवधरबाईंनी त्याला पाळणाघरात पाठवलं नाही. माझ्या मुलावर आळ आला, म्हणाल्या, आणि आळ घालणाऱ्या मुलांवर तिथे कोणाचं लक्ष नसतं. बोलायला त्यांना निमित्त हवंच होतं. पुढे त्यांनी हेही म्हटलं की नाहीतरी त्या घरात सगळ्याची सरमिसळच असते.

त्या रविवारी कमलताई तो गेम पिशवीत घालून दुरुस्तीला निघाल्या. मी म्हटलं, राहू द्या, मी बघतो. त्या म्हणाल्या, माझ्याकडे बंद पडला, मी बघते. डोंबिवलीत एकाने उघडूनही पाहिला नाही. कल्याणला एकाने दोन दिवस ठेवून घेतला. शेवटी विठ्ठलवाडीला स्टेशनजवळ एक म्हातारा कारागीर बाहेरच्या देशातल्या वस्तू दुरुस्त करतो असं कळलं, तिथे गेल्या. परत आल्या तेव्हा मी जिन्यात होतो. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"नाही होत म्हणतो. आतून जळालाय. मी त्याला म्हटलं, माझ्या हातून पाणी सांडलं बाबा. तर तो हसला. म्हणाला, बाई, पाण्याने असं होत नाही, ह्याच्यात जास्त लाइट शिरली आहे. डबा न लावता जोडला की असं होतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझ्याकडे तर डबा जोडलेला होता. मला काय कळतंय म्हणा त्यातलं. तुम्ही त्यातले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. घड्याळ पडल्यावर मंदारकडे ज्या नजरेने चार दिवस पाहिलं असेल त्या नजरेने. मी पिशवीचे बंद नीट करत राहिलो. म्हटलं, बघतो उघडून. त्या आत गेल्या.

माझ्या हातात तेव्हा फक्त एक वाक्य होतं. ते वरच्या मजल्यावर जाऊन बोललो असतो तर ओंकार परत आला असता. पण दिवस गेले तसं ते जड होत गेलं. आधी मंदारला सांगावं लागलं असतं, मग नीलाला, मग पत्र लिहून प्रकाशला, मग ज्यांना व्याख्यान दिलं त्या सगळ्या पोरांना. महिन्याभरात नीला म्हणाली, तिथे मुलं फार आहेत, कमलताईंचं लक्ष राहत नाही, आपण शलाकाला माझ्या ऑफिसातल्या एकीच्या सासूकडे ठेवू आणि मंदार घरी थांबेल किल्ली घेऊन. मी बरं म्हटलं. त्या वेळी मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरीनेच मुलं काढली म्हटल्यावर दिवाळीनंतर आणखी तीन घरांनी आपली चार मुलं काढली. अकराची चार झाली. शलाका कित्येक दिवस हळदी साडी मागून रडायची. कमलताईंनी ती धुऊन, घडी घालून मंदारच्या हाती पाठवून दिली.

चार मुलांवर त्यांनी वर्ष काढलं. सकाळी कामावर जाताना दार उघडं दिसायचं. मी मान खाली घालून जायचो, त्या हाक मारायच्या. "मंदारचे बाबा, डबा घेतलात का?" एका शब्दाने कधी काही सुचवलं नाही. मलाच ती हाक नकोशी व्हायची.

मग त्यांचे मिस्टर सुट्टीवर आले. एका रविवारी सकाळी कमलताई आमच्या दारात उभ्या. हातात खोकं. मस्कतहून आणलेला नवा व्हिडिओ गेम. मी नको नको म्हणत राहिलो, नीला तर पार संकोचून गेली. कमलताईंनी खोकं टेबलावर ठेवलं. "पोरांचं खेळणं माझ्या दाराच्या आत आलेलं. ते तसंच परत जायला पाहिजे होतं." मग माझ्याकडे वळून साध्या आवाजात म्हणाल्या, "हा आपल्या लाइटीवर चालतो. ह्याला डबा लागत नाही."

नीलाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मी खोक्यावरची अक्षरं वाचायला लागलो. त्यांनी चहा घेतला, शलाकाच्या केसांतून हात फिरवला आणि गेल्या. मी तो गेम ठेवून घेतला. मुलांनी तो पाच वर्षं वापरला. मी त्याला हात लावला नाही, हे मी आजवर काहीतरी प्रायश्चित्त असल्यासारखं मनात धरून होतो. ते काही नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात त्यांनी खोल्या विकल्या आणि कल्याणला कोळसेवाडीत गेल्या. तिथे पुन्हा पाळणाघर काढलं आणि चांगलं चाललं, असं ऐकलं. टेम्पो निघताना मी सामान उचलायला मदत केली. साड्यांची चळत एका चादरीत बांधलेली होती, ती मीच ठेवली. कमलताई म्हणाल्या, "या कधी कोळसेवाडीला. घाई नाही."

घाई नाही, असं त्या म्हणाल्या आणि मी ते अक्षरशः पाळलं. दोनदा कल्याणला उतरलो. एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, तिथे एका दुकानात पाव किलो बर्फी बांधून घेतली आणि ती घेऊन घरी आलो. मंदारच्या लग्नाला त्या आल्या, त्याला जवळ घेऊन सगळ्यांना सांगत होत्या की ह्याने माझं घड्याळ पाडलं आणि स्वतः येऊन सांगितलं, असं पोरगं आहे हे. मी शेजारी उभा होतो. फोटोग्राफरने आम्हाला जवळ उभं केलं. त्या फोटोत मी हसतोय.

त्या गेल्याचं मला त्यांच्या मुलीच्या फोनवरून कळलं. कोळसेवाडीतल्या बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, मग कोणीकोणी उठून आठवणी सांगू लागले. त्या हॉलमध्ये पन्नासेक तरी माणसं अशी होती जी कधीतरी त्यांच्या साडीवर झोपली होती. एक दाढीवाला तरुण उभा राहिला. पुण्याला नोकरी करतो, म्हणाला. नाव सांगितलं तेव्हा मी ओळखलं. ओंकार देवधर.

तो म्हणाला, "मी चार वर्षांचा होतो. मावशीकडे एक व्हिडिओ गेम होता, त्यात मी लाडू घातलेला. तो कायमचा बंद पडला. मावशीने सगळ्यांना सांगितलं की तिच्या हातून पाणी सांडलं. माझ्या आईने तरी मला धुतला, तो भाग वेगळा." लोक हसले. तोही हसला. "पण अजून मी कुणाच्या घरी गेलो की हात मागे बांधून उभा राहतो. बायको चिडवते मला. वाटतं, हात लावला तर मोडेल. मावशीने माझ्यासाठी खोटं बोलून स्वतःकडची मुलं घालवली. हे मला फार उशिरा कळलं."

उठायची तीच वेळ होती. माइक तीन रांगा पुढे होता. मी खुर्चीच्या दांड्यावर हात टेकलेसुद्धा. मग भन्तेजी बोलायला लागले.

जेवणाच्या वेळी ओंकार मला शोधत आला. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, तो गेम तुमचा होता ना. मीच मोडला होता. इतक्या वर्षांत सांगितलं नाही, सॉरी."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "अरे, जाऊ दे. लहान होतास तू."

म्हणायचं होतं ते असं. ओंकार, तू काही मोडलं नाहीस. सोमवारी सकाळी मी पिशवी तुझ्या मावशीच्या हातात दिली तेव्हाच तो जळालेला होता. आदल्या दुपारी मी एकटा घरी होतो, मी तो जाळला, आणि मार तू खाल्लास. तिने ते ओळखलं होतं आणि ती माझी वाट बघत राहिली. तुझी माफी मागतो. तिची मागायची होती, तेवढं धैर्य मला झालं नाही.